लाल-पांढरी

त्या रविवारी पाणी यायला पंधरा मिनिटं उशीर झाला, एवढंच काय ते वेगळं. बाकी सगळं नेहमीसारखं होतं. वैजयंताबाई मोरीत पिंपाशी बसून नळातली हवा ऐकत होत्या. संघप्रिया पलंगावर मांडी घालून नववीच्या चाचणीचे पेपर तपासत होती. आणि कोंडिराम स्वयंपाकघराच्या खिडकीशी स्टुलावर बसले होते, मांडीवर वही, मनगटावरचं घड्याळ काढून समोर कट्ट्यावर ठेवलेलं. गजांच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी पोळं धरलं होतं. मुठीएवढंही नसेल, करड्या कागदाच्या उलट्या फुलासारखं, त्यावर सहा-सात माश्या. पाच वर्षांनी पहिल्यांदा या खिडकीत पोळं आलं होतं आणि कोंडिरामांनी त्याच दिवशी नवघरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली होती. निवृत्त झालेल्या माणसाला एवढी मोठी वही कशाला, असं वैजयंताबाई म्हणाल्या होत्या. त्या पोळ्याकडे संघप्रिया बघायचंच टाळत होती. चहा ठेवायला गेली तरी पाठ खिडकीकडे करून उभी राहायची.

"एकत्र राहणाऱ्या प्राण्यांची दोन उदाहरणे लिहा," असा प्रश्न तिनंच काढला होता आणि एका मुलीनं उत्तर लिहिलं होतं, "मुंगी आणि आमची चाळ." तिला हसू आलं. बाबांना वाचून दाखवावं म्हणून ती मान वर करणार, तेवढ्यात ते खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "संघे, ती लाल-पांढरी. तू तिला नक्की पाहिली होतीस ना गं?"

दहा वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. तिच्या हातातलं लाल बॉलपेन त्या मुलीच्या उत्तरावर टेकलेलं तसंच राहिलं आणि कागदावर एक ठिपका मोठा होत गेला. "हो ना बाबा," ती म्हणाली. आवाज ठीक होता. थोडा वैतागलेला, जसा असायला हवा तसा. "लिहून ठेवलंय की तेव्हाच. आज काय मध्येच?"

"काही नाही. सहज इचारलं." आणि त्यांनी घड्याळ बघून वहीत काहीतरी टिपलं. मग पाणी आलं. नळी पिंपातून उसळली, वैजयंताबाई ओरडल्या, "अगं, पेपर ठेव नि हंडा धर आधी!" आणि तो रविवार इतर रविवारांसारखा हंडे-कळश्यांत भरून संपला.

सोमवारी सकाळी दुधाची पिशवी घेऊन वर येताना कोंडिराम दुसऱ्या जिन्याच्या वळणावर बसले, ते बसलेच. शेजारच्या शेवंतीकाकूंनी आधी पाहिलं. पिशवी फुटलेली नव्हती. हे काकू नंतर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या, जणू ती त्यांच्या सज्जनपणाची शेवटची खूण होती. "पिशवी बघा कशी बाजूला ठेवलीन, मग बसले हो." रत्नागिरीहून येऊन त्यांना पंचवीस वर्षं झाली होती, पण दुःखात बोली परत येते.

त्यानंतरचे दिवस संघप्रियाला बसता आलं नाही. घरात माणसं मावेनात, म्हणून कुणालाही तिच्या उभं राहण्यात काही वावगं वाटलं नाही. ती कप धुवायची, धुतलेले पुन्हा धुवायची, गॅलरीत जायची, परत यायची. कुणी हात धरून शेजारी बसवलं तर पाच मिनिटांत "बघते हं" म्हणून उठायची. बघायचं काहीच नसायचं. छातीच्या मधोमध ते "हो ना बाबा" बसलेलं होतं, थोडं वैतागलेलं, नीट जमलेलं. खोटं इतकं चांगलं जमतं, आणि तेही रोजच्या आवाजात, याची तिला आता किळस येत होती. ते दुसऱ्या दिवशी मरणार हे माहीत असतं तर सांगितलं असतं का? प्रामाणिकपणे विचार केला तर तेव्हाही नसतं सांगितलं, असंच वाटायचं, आणि मग ती कप धुवायला उठायची.

वैजयंताबाई मात्र एकदम वेगळ्याच झाल्या. जन्मभर नवऱ्याच्या मागे उभं राहून बोलणारी बाई तिसऱ्या तासापासून हुकूम सोडू लागली. परभणीच्या दिराला तार कोणी करायची, पांढरी साडी कुठल्या ट्रंकेत आहे, पाहुण्यांनी चपला कुठे काढायच्या. शेवंतीकाकूंनाही त्यांनी "मध्येमध्ये करू नका" म्हणून झापलं. सगळ्यांना वाटलं, धक्का बसलाय बाईंना. संघप्रियाला वाटलं, हे मी कुठेतरी वाचलंय. आणि मग कुठे ते आठवलं. बाबांच्या वहीत. राणी नाहीशी झाली की थोड्या वेळात बाकीच्यांतली एक माशी भयंकर भांडकुदळ होते. जिला तिला चावते, पिटाळते, पोळ्यावर फेऱ्या मारते. काही दिवसांनी तीच शांत होते, आणि मग पोळं तिचं. कोंडिरामांनी खाली लिहिलं होतं, "आधीपासून वळखू येत नाही, की ही असेल."

कोंडिराम शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. काचेची भांडी धुणं, बेडकांचं पाणी बदलणं, झुरळांना बिस्किटांचा चुरा घालणं. सातवी पास. हातांना फॉर्मॅलिनचा वास इतका मुरलेला की लहानपणी संघप्रियाला वाटायचं सगळ्या बाबांच्या हातांना असाच वास येतो. तिथले डिमेलो सर गांधीलमाश्यांवर काम करायचे. हे सर मूळ तारोडीचे, उत्तनच्या बाजूचे. चिडले की त्यांच्या तोंडून गावची बोली यायची. कोंडिराम भाईंदरला राहायला आले आणि सरांना कळलं की गाडीचा रस्ता एकच आहे, तेव्हा त्यांची गट्टी जमली. सरांनीच त्यांना माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके द्यायला शिकवलं. पहाटे गारव्यात माश्या सुस्त असतात तेव्हा गवताच्या काडीच्या टोकानं एक ठिपका उजवीकडे, एक डावीकडे. मग प्रत्येकीला नाव. निळी-पिवळी, हिरवी-हिरवी. खिडकीतल्या तेव्हाच्या पोळ्यासाठी त्यांनी घरात संघप्रियाची नेलपॉलिशं वापरली. ती रागावली तर म्हणाले, "तू दहा बोटांना लावतेस, मी दहाजणींना लावतो."

सरांचं शिकवणं कोंडिराम रात्री जेवताना घरी आणून सांगायचे, आपल्या शब्दांत. मधमाशीची राणी जन्मतःच वेगळी, अंगानं मोठी. हिचं तसं नाही. राणी नि कामकरी दिसायला एकसारख्या. यातली कुठलीही उडून जाऊ शकते, दुसरीकडे एकटीनं पोळं धरून आपली अंडी घालू शकते. तरी बहुतेकजणी राहतात, आईच्या पोळ्यात बहिणींना भरवत मरतात. "सर म्हणतात, एकेकटी राहणारी माशी एकत्र कशी राहायला लागली, त्याला लाखो वर्षं गेली, आणि या जातीत ते अजून पुरतं ठरलेलंच नाही. रोज सकाळी हरएक माशी ठरवतीया. जाऊ का राहू." आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ते म्हणायचे, "जाता येतंय तर राहतीया कशापायी? हा सरांचा सवाल. माझा सवाल दुसरा हाय. गेलेली परत आली तर घेत्यात का?"

हा सवाल त्यांचा का होता ते संघप्रियाला फार उशिरा कळलं. अठराव्या वर्षी ते गावातून निघाले होते. बारा वर्षांनी परत गेले तर भावांनी ओसरीवर पाट दिला, चहा दिला, पाहुण्यासारखं चांगलं बोलले, आणि घरात ये असं कुणी म्हटलं नाही. आईनं आतून दाराशी येऊन पाहिलं, एवढंच. हे ते कधी बोलले नाहीत, वैजयंताबाईंनी एकदा तांदूळ निवडताना सांगितलं आणि पुढे म्हणाल्या, "चहा मात्र साखर घालून केला होता म्हणे."

सत्त्याऐंशीच्या दसऱ्यानंतर लाल-पांढरी गेली. खिडकीतल्या पोळ्यावरची ती कामसू माशी एक दिवस दिसेना, आणि चौथ्या दिवशी कोंडिरामांना ती जिन्याच्या जाळीत सापडली. एकटी. देठ आणि चार घरं एवढंच पोळं. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीला हाताला धरून दाखवायला नेलं. सेक्रेटरी म्हणाला, "कोंडिरामभाई, ये डंखवाली मक्खी निकालो, बच्चे लोग आते-जाते हैं," तर म्हणाले, "सेठ, ये सोसायटी आपल्या सोसायटीपेक्षा जुनी है." नवव्या दिवशी मुंग्यांनी ते पोळं लुटलं. अळ्या नेल्या. लाल-पांढरी रिकाम्या देठावर एक दिवस बसून राहिली आणि मग तिथूनही गेली. तेव्हापासून कामावरून आल्यावर चपला काढता काढता कोंडिरामांचा पहिला प्रश्न असायचा, "लाल-पांढरी?" वैजयंताबाई म्हणायच्या, "लेकीबद्दल कधी असं विचारलं नाही."

ती देठावरूनही गेल्यावर अकराव्या दिवशी रविवार होता. रविवारी तीन ते पाच निरीक्षणाची पाळी संघप्रियाची, कारण कोंडिराम त्या वेळी नवघरच्या बुद्धविहारात वंदनेला आणि मग मीटिंगला जायचे, वैजयंताबाईही बरोबर. दर पाच मिनिटांनी कोण पोळ्यावर, कोण बाहेर, कोणी काय आणलं ते लिहायचं. संघप्रिया वीस वर्षांची होती आणि त्या दिवशी तीन वाजता ती उत्तनच्या बसमध्ये होती. मुर्ध्याला उतरली. तिथे मिठागराच्या बांधावर, घरी न सांगता ज्याला भेटायला ती आली होती तो प्रितम उभा होता, नुकताच नांदेडहून नोकरीच्या मुलाखतीला आलेला, शर्टाची घडी न मोडलेला. त्या दुपारचं तिला नंतर जे आठवायचं त्यात प्रितम फार कमी होता. मिठाच्या पांढऱ्या ढिगांवरून येणारा उजेड, चिखलात पोटावर सरकणाऱ्या निवट्या मासळ्या, आणि आपलं शरीर आपल्याला नव्यानं माहीत झाल्यासारखं हलकं. कुणी बघत नाही, कुणी वेळ लिहीत नाही.

घरी आली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. वही कट्ट्यावर उघडी, पान कोरं. तिनं भराभरा लिहून काढलं. पाच मिनिटांच्या चोवीस ओळी. हे कठीण नव्हतं, वर्षभर लिहून हात बसला होता. निळी-पिवळी खाणं घेऊन आली, हिरवी-हिरवी पोळ्यावर स्वस्थ. पण चार वाजून वीस मिनिटांच्या ओळीशी तिचा हात थांबला. का, हे तिनं पुढची दहा वर्षं शोधलं. बाबा आल्याबरोबर विचारतील म्हणून? मिठागरावरून येताना सगळं जग तिला दात्यासारखं उदार वाटत होतं म्हणून? की आपण बाहेर जाऊन आलोय आणि घरात कुणाला पत्ता नाही, याची गंमत कुठेतरी उतरवून ठेवायची होती? तिनं लिहिलं, "लाल-पांढरी परत आली. गजावर थांबली. राणीने स्पर्शिकांनी तपासलं, मग तोंड लावलं. आत घेतली." मग चार पस्तीसला तिला पुन्हा बाहेर पाठवून दिलं, म्हणजे बाबा येऊन बघतील तेव्हा ती पोळ्यावर नसली तरी चालेल. हे शेवटचं सर्वांत वाईट होतं. पहिली ओळ वेडेपणा म्हणता आली असती.

कोंडिराम आले, चपला काढल्या, विचारलं. तिनं वहीकडे बोट केलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं आणि मग स्टुलावर बसले. ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. शेवटी म्हणाले, "आत घेतली." एवढंच. त्यांचे डोळे तेव्हा कसे झाले होते ते तिनं पाहिलं आणि तिथेच, त्या मिनिटाला, सांगण्याची वेळ निघून गेली.

सोमवारी ते वही घेऊन सरांकडे गेले. सर म्हणाले, असं शक्य नाही. इतक्या दिवसांत अंगाचा वास बदलतो, तिला परकी समजून हाकलतील, मी एकदाही पाहिलेलं नाही. ठिपके ओळखण्यात चूक झाली असेल. त्यानंतर कुणी पाहिली तिला? कोंडिरामांनी सांगितलं, त्यानंतर दिसली नाही, पण माझी लेक खोटं लिहिणार नाही. सर म्हणाले, मी खोटं म्हणत न्हाय, चूक म्हणतोय. कोंडिराम म्हणाले, चूक पण नाही. आठवडाभर हे चाललं. शेवटी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर सरांच्या तोंडून निघून गेलं की, "मग तूच हो प्रोफेसर, मी बाटल्या धुतो." कोंडिरामांनी ठिपक्यांच्या रंगांचा डबा सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो उचलून घे म्हटलं नाही. पुढची आठ वर्षं, निवृत्त होईपर्यंत, कोंडिरामांनी फक्त काचसामान धुतलं. सर त्याआधीच निवृत्त होऊन तारोडीला गेले. खिडकीतल्या पोळ्याची नोंद कोंडिरामांनी घरी चालू ठेवली, ते पोळं होतं तोवर.

हे सगळं मनाशी धरून जगता येतं, असं संघप्रियाला आढळलं होतं. माणूस कशालाही सरावतो. तिचं लग्न झालं, प्रितमशीच, आणि ती नांदेडला गेली. तिथे तिला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त त्या घरात ती बोलली की सगळे क्षणभर थांबायचे आणि मग आपलं बोलणं पुढे चालू करायचे. अकरा महिन्यांनी एप्रिलच्या दुपारी ती एक बॅग घेऊन नवघरला, माहेरी आली. दार उघडंच होतं. कोंडिरामांनी तिला पाहिलं आणि सवयीनं आधी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "जेवलीस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या जुन्या फळीवरच्या आपल्या वह्या काढून पलंगाखाली सरकवल्या. नातेवाईक आले, समजावणी झाली, परभणीच्या काकांनी विचारलं की दिलेली मुलगी अशी घरात कशी ठेवता. संघप्रिया स्वयंपाकघरात होती. बाबा म्हणाले ते तिला शब्दन् शब्द ऐकू आलं. "लाल-पांढरीला घेतली त्यांनी. वीतभर बी नाही त्यांचं घर. आपण तर माणसं." काकांना काही कळलं नाही. त्यांनी चहा संपवला.

तिच्या हातातली पळी तेव्हा पातेल्यात तशीच राहिली होती. म्हणजे आपणच लिहिलेल्या खोट्या ओळीवरून चालत आपण या घरात आलो. ती ओळ काढून घेतली तर? तर काय, बाबांनी आपल्याला हाकललं असतं? तसं नसतं झालं, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि त्यावर पाय ठेवणं यात फरक होता, आणि पाच वर्षं तिनं पाय ठेवून पाहिला नाही.

बाबा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी माणसं जरा कमी झाल्यावर तिनं पलंगाखालून सत्त्याऐंशीची वही काढली. त्यांना कळलं होतं का, हे शोधायला. तिच्या ओळीखाली त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली होती. पुढच्या पानावर त्यांचं अक्षर. सोमवार, लाल-पांढरी दिसली नाही. मंगळवार, दिसली नाही. असं सतरा दिवस. अठराव्या दिवशी तिचं नाव नव्हतं. कुठे शंका नाही, प्रश्नचिन्ह नाही. तिनं नवी दोनशे पानी वहीही उघडली. शेवटच्या रविवारी, सकाळी सात पंचावन्नला, दोन माश्यांची हालचाल आणि खाली फक्त, "पाणी उशिरा आलं." ती हसली, आणि मग तिला पहिल्यांदा रडू आलं, तेही फार नाही, कारण शेवंतीकाकू चहाचं विचारत आल्या.

पाचव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. इमारतीच्या आवारात पांढरं कापड बांधलं, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, शेजारी कोंडिरामांचा फोटो, पुढे मेणबत्त्या. बौद्धाचार्य यायचे होते. संघप्रिया सतरंज्या सरळ करत फिरत होती, तेवढ्यात फाटकातून टोपी हातात घेतलेले म्हातारे गृहस्थ आत आले आणि तिनं त्यांना चालीवरून ओळखलं. डिमेलो सर. तारोडीला कुणी सांगितलं कोण जाणे. ते तिच्याजवळ आले. खुर्ची दिली तर बसले, पाणी दिलं तर पेला हातात धरून राहिले.

"मी त्याला एकदा पण भेटाया आलो न्हाय," ते म्हणाले. "बसनं अर्धा तास. दर आयतवारी ठरवायचो. मग म्हणायचो, पुढच्या आयतवारी." मग त्यांनी पेला खाली ठेवला. "बाय, तुझ्याकडं ती वही हाय काय? सत्त्याऐंशीची?"

"आहे."

"मी पुस्तक लिहितोय. तीस वर्षांच्या नोंदी. गेल्या साली माझ्या पडवीतल्या पोळ्यावर एक माशी परत आल्यावाणी वाटली. ठिपका पुसट झालेला, मला खात्री न्हाय. पण कोंडिरामचं आठवलं. एकट्या माझ्या नोंदीला कोण विचारील? त्याची नि माझी, दोन झाल्या तर वजन येतं. मी त्याच्या नावानं छापीन. कोंडिराम यांच्या वहीतली नोंद, असं. पयल्या पानावर त्याची माफी मागीन."

वैजयंताबाई मागे उभ्या होत्या. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "दे की गं वही. आणून दे जा. जन्मभर बाटल्या धुतल्या त्यांनी. नाव छापून येईल." आणि मग, पदरानं तोंड पुसत, "ते असते तर सगळ्या बिल्डिंगीला पुस्तक दाखवत फिरले असते."

"बघते," संघप्रिया म्हणाली आणि वर निघाली. दोन जिने. वळणावर तिनं पायरी ओलांडली, पाच दिवस ओलांडत होती तशी. वही परवापासून फळीवर होती. हातात घेऊन ती खिडकीशी गेली आणि प्रथमच त्या नव्या पोळ्याकडे सरळ पाहिलं. आठ होत्या. कुणाच्याच पाठीवर ठिपका नव्हता, बाबांनी अजून रंग दिला नव्हता. एक माशी गजावरून चालत आली, दुसरीनं तिला तपासलं, दोघींनी तोंडं जुळवली. किती सोपं दिसत होतं. नाव नसलं की कोण गेली, कोण आली, काहीच कळत नाही. ती गप्प राहिली तर कुणाचं काय बिघडणार होतं? आईला नवऱ्याचं नाव छापलेलं मिळेल. सरांचं मन हलकं होईल. बाबांनी ज्यासाठी आठ वर्षं बाटल्या धुतल्या ते खरं ठरेल, निदान कागदावर. आणि कुठल्यातरी दूरच्या गावातली एखादी मुलगी ते वाचून मान वर करील की गेलेलीला परत घेतात, शास्त्रात आहे. एवढ्या सगळ्यांच्या विरुद्ध एक दुपार, मिठागरावरची. आणि एक प्रश्न, ज्याला तिनं पेपरवरून मान न हलवता उत्तर दिलं होतं. खरं सांगायची संधी द्यायलाच ते विचारत असतील का? की खरोखर सहज? हे आता कधीच कळणार नव्हतं. मात्र बाबांनी माफ केलं असतं असं धरून चालणं ही पुन्हा एक न पाहिलेली नोंद झाली असती.

ती खाली आली तेव्हा वंदना सुरू झाली होती. त्रिशरण, पंचशील. "मुसावादा वेरमणी" सगळ्यांबरोबर तिच्याही तोंडून गेलं, लहानपणापासून जात आलं होतं तसं. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची मी शपथ घेते. मग बौद्धाचार्यांनी रीतीप्रमाणे सांगितलं की ज्यांना दिवंगतांविषयी दोन शब्द बोलायचे असतील त्यांनी पुढे यावं. परभणीचे काका बोलले. सेक्रेटरी हिंदीत बोलला, "बहुत सीधा आदमी था, मक्खी को भी मारने नहीं देता था," आणि लोक हसले आणि लगेच गंभीर झाले. मग सर उठले. माइक त्यांना उंच पडत होता. त्यांनी लाल-पांढरीची गोष्ट सांगितली. ती कशी गेली, तिचं पोळं कसं लुटलं, कशी परत आली. कोंडिरामच्या वहीत होतं आणि मी मानलं नाही. लोक ऐकत राहिले. बायकांच्या बाजूला कुणीतरी हुंदका दिला. "शिकलेला मी होतो," सर म्हणाले, "पण बघणारा तो होता." ते बसले तेव्हा वैजयंताबाईंची मान ताठ होती, चेहरा धुतल्यासारखा.

"आता कन्या आयुष्मती संघप्रिया दोन शब्द बोलतील."

ती उठली. वही हातात होती. माइकनं शीळ घातली आणि कुणीतरी तो धरून जरा मागे केला. समोर सगळी इमारत बसली होती, पहिल्या रांगेत सर, वही घ्यायला हात अर्धा पुढे आलेला. तिनं आईकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं.

"सर, ही वही मी तुम्हाला देणार आहे," ती म्हणाली. "पण पंचवीस ऑक्टोबरचं पान घेऊ नका. ते बाबांनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय. त्या दिवशी तीन ते पाच मी घरात नव्हते. मुर्ध्याला गेले होते. लाल-पांढरी परत आलेली मी पाहिली नाही, कुणीच पाहिली नाही. बाकी प्रत्येक ओळ बघून लिहिलेली आहे. पुढचे सतरा दिवस ते तिची वाट बघत होते आणि त्यांनी रोज लिहिलंय की दिसली नाही. तुम्ही त्यांना बघणारा म्हणालात, ते खरं आहे. ते छापा."

"अगं," असं वैजयंताबाईंच्या तोंडून निघालं. सरांचा हात तसाच अर्धा पुढे होता. तिनं वही त्यात ठेवली. आता खाली बसायला हरकत नव्हती, बौद्धाचार्य तशी खूणही करत होते. पण ती माइकपासून बाजूला झाली आणि टेबलाकडे वळली. फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला होता, थोडा धुरकट, नजर कॅमेऱ्याच्या जराशी बाजूला, कोपऱ्यात काहीतरी हलताना दिसावं तशी. तिच्या मागे सगळे ऐकत होते आणि तिला त्याचं काही वाटलं नाही. तिनं रोजच्या आवाजात, पेपर बाजूला ठेवून मान वर करावी तसं, उत्तर दिलं.

"नाही, बाबा. नव्हती पाहिली."